चहाच्या रंगाच्या वह्या

इन्स्पेक्टरबाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं होतं: "तुमचा हा कागद खोटं बोलते."

नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. यवतमाळच्या माझ्या छोट्या ऑफसेट प्रेसच्या काउंटरवर नमुन्यांचा गठ्ठा ठेवलेला असायचा. त्यातला एक कागद त्यांनी न विचारता ओढला, आधी उभा फाडला, मग आडवा फाडला, दारातल्या उजेडाकडे धरून पाहिला आणि एक पट्टी जिभेला लावली. मी म्हणालो, "बाई, कागद कुठं बोलतो का?" त्या म्हणाल्या, "बोलते. पुडक्यावर लिहिलं आहे, पर्यावरणपूरक. कशावरून? लगदा कायचा? गिरणी कोणती? गिरणी पाणी कुठं सोडते?" मला तिन्ही प्रश्नांची उत्तरं माहीत नव्हती. वीस वर्षांच्या धंद्यात ती मला कोणी विचारलीही नव्हती. गिऱ्हाईक विचारतं ते तीनच गोष्टी: किती पांढरा, किती जाड, कधी देता.

बाई इन्स्पेक्टर कधीच नव्हत्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. केळापूरकडे मुलींची एक निवासी शाळा आहे. ती चालवणाऱ्या संस्थेनं त्यांना खरेदी समितीवर घेतलं होतं, आणि वह्यांचं काम माझ्याकडे होतं. 'इन्स्पेक्टरबाई' हे नाव माझ्या मशीनवर काम करणाऱ्या रशीदभाईंनी पाडलं. पुढं तेच नाव प्रेसमध्ये, मग कागदाच्या बाजारात आणि शेवटी बहुधा संस्थेतही चाललं. त्यांच्या कानावर ते गेलं असणारच. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

मला त्या आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. बाईंना ती रीत चालली नसती.

त्यांची ऑटो दारात थांबली की मी आत कटिंग मशीनमागं जाऊन उभा राहत असे. त्या काउंटरशी बसून राहायच्या. घाई त्यांना नव्हती. "प्रेसवाले, तुमची चप्पल दिसून राह्यली," असं एकदा त्या मोठ्यानं म्हणाल्या होत्या, आणि दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती.

त्यांचा आग्रह साधा होता, पण पुरा करायला जीव खाणारा. वह्यांचा कागद जंगलातल्या लाकडाचा नको. रद्दीपासून केलेला चालेल, उसाच्या चिपाडाचा चालेल, गव्हाच्या काडाचा चालेल. फार पांढरा नको, कारण तो पांढरा करायला जी रसायनं लागतात ती शेवटी कुणाच्या तरी नाल्यात जातात. शक्यतो जवळच्या गिरणीचा हवा. कव्हरवर प्लास्टिकचा थर नको. समास बोटभरच हवा, मोठा नको, कारण कोरा समास म्हणजे "पोरीच्या नावावर तुमची उधळपट्टी". आणि पुडक्यावरच्या नुसत्या 'पर्यावरणपूरक' शिक्क्यावर विश्वास नाही. शिक्क्याचं हिरवं पान दाखवलं की त्या म्हणायच्या, "पान छापायले काय लागते? तुम्हीच छापता ना."

त्यांची एक चाचणी तर आठवडाभराची होती. कागदाची पट्टी अर्धी पुस्तकाखाली झाकायची, अर्धी खिडकीतल्या उन्हात ठेवायची. आठ दिवसांनी उघडं अर्धं पिवळं पडलं की माल परत. कापलेला, रेघा मारलेला, शिवायला घेतलेला माल असा परत आल्यावर माझं काय होत असेल, याचा विचार त्या करत नव्हत्या. मी एकदा तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "माझं काम तुम्हाले खूश करणं नाही. पोरींच्या हातात काय जाते ते पाहणं आहे."

एका मे महिन्यात तर त्यांनी कहरच केला. वसतिगृहातल्या मुलींच्या जुन्या वह्या गोळा केल्या, त्यांतली कोरी पानं काढली, जाड सुईनं शिवून त्यांच्या नव्या वह्या केल्या आणि माझी ऑर्डर तिसऱ्या हिश्शानं कमी करून टाकली. वर ते सांगायला स्वतः आल्या. "सर्वांत चांगला कागद कोणता, माहीत आहे? जो आपण घेतलाच नाही तो." रशीदभाई आतून पुटपुटले, "इनको तो प्रेस बंद करवानी है."

घरच्यांशीही त्या अशाच होत्या. त्यांच्या भावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी छापली होती. मखमली कव्हर, सोनेरी पन्नी, वर चमकी. पत्रिका हातात पडल्यावर बाई ती घेऊन भावाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "हे जाळलं तर वाईट धूर, पुरलं तर सडत नाही, रद्दीवाला घेत नाही. आता मी ठेवू कुठं? घे परत." भावानं पत्रिका परत घेतली आणि सांगितलं, "मग लग्नालेही येऊ नको." बाई गेल्या नाहीत. भाऊबहिणींचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. ही हकीकत मला भावानंच प्रेसमध्ये येऊन सांगितली आणि मला आत कुठंतरी बरं वाटलं. निदान मी एकटा नव्हतो.

हे सगळं कुठून आलं, ते बाईंनी मला एकदाच सांगितलं. ते सांगणं मैत्रीतलं नव्हतं, भांडणातलं होतं. मी म्हणालो होतो की, "चार वह्यांच्या कागदानं जग बुडत नाही, बाई." त्यांनी हातातली पट्टी काउंटरवर ठेवली. मग म्हणाल्या, "माझी पहिली नोकरी नदीकाठच्या गावात होती. वर कागदाची गिरणी होती. मी पाचवीच्या वर्गात शिकवून राह्यली होती, पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. एका पोरीनं हात वर केला. म्हणाली, बाई, आमचं पाणी काळं असते अन् वास येते. मी तिले म्हटलं, खाली बस. अभ्यासक्रम मागं पडला होता." एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली. "तिच्या पायाले खाज होती. सगळ्याच पोरींच्या होती. मी त्या शाळेत चार वर्षं तेच वाक्य शिकवलं." आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर हा विषय कधी निघाला नाही. आणि त्यांची जीभही त्यामुळं मऊ झाली नाही. उलट पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझं एक पुडकं रशीदभाईंसमोर जमिनीवर ओतलं.

आता मी जे केलं ते सांगतो.

त्या वर्षी उसाच्या चिपाडाचा कागद करणाऱ्या गिरणीकडून माल यायला उशीर झाला. शाळा जूनच्या शेवटी उघडणार होती. नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं की, त्याच्याकडे तयार माल आहे, तपकिरी, एकदम रिसायकलसारखा, सोबत शिक्का आणि सर्टिफिकेट. मी विचारलं, "खरंच रिसायकल आहे का?" तो हसला. "भाऊ, साधाच कागद आहे. वरून चहाचा रंग मारला आहे. कोणाला कळते?"

मी माल मागवला. उशीर हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. बाईंना मी सांगितलं असतं की दोन आठवडे थांबा, तर त्या थांबल्या असत्या. मुलींनी तोवर शिवलेल्या वह्यांत लिहिलं असतं. मला चार वर्षांचा राग होता. माझ्याच काउंटरवर, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर त्यांनी मला जे ऐकवलं होतं त्याचा. खोटा कागद त्यांच्या हातून एकदा तरी पास झालेला मला पाहायचा होता. इतकं क्षुद्र कारण होतं ते.

पहिलं रीम कटिंगला लावल्यावर रशीदभाईंनी मला हाक मारली. कापलेली कड बोटानं दाखवली. "साहेब, हा तर आतून गोरा आहे." खरंच, वरून तपकिरी आणि कडेला पांढरी रेघ. मी म्हणालो, "चालू द्या." त्यांनी मशीन चालू केलं, पण त्या दिवशी ते माझ्यासोबत चहाला आले नाहीत.

वह्या शिवायच्या आधी बाई नमुना पाहायला आल्या. त्या दिवशी ऑटोतून उतरताना त्यांनी दाराची चौकट हातानं चाचपली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख ठरली होती, पण ती महिन्यानंतरची होती. त्यांनी कागद हातात घेतला, नेहमीसारखा फाडला, उभा आणि आडवा. कड डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

मग त्यांनी ती पट्टी माझ्यापुढं केली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला होता.

"मले कड दिसून नाही राह्यली. तुम्ही पाहा अन् सांगा. आतून कसा आहे?"

मी पट्टी घेतली. पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. रशीदभाईंचं मशीन बंद होतं आणि ते आमच्याकडे पाठ करून उभे होते.

"तपकिरीच आहे, बाई," मी म्हणालो.

"सर्टिफिकेट?"

"आहे. सोबत जोडतो."

"ते नका जोडू," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तेवढं बस आहे." आणि त्यांनी नमुन्याच्या पहिल्या पानावर सही केली. अक्षर ओळीखाली घसरलं होतं.

पाऊस लागला आणि ऑगस्टमध्ये जे व्हायचं ते झालं. दप्तरं भिजली, वह्यांचा रंग सुटला. मुलींचे हात तपकिरी, गणवेशाच्या बाह्या तपकिरी, डब्यातल्या पोळीला रंग. एका मुलीनं भिजलेलं पान वाळवलं तर ते पांढरं निघालं. मुख्याध्यापिकेनं वह्या संस्थेकडे पाठवल्या आणि संस्थेच्या सचिवांनी बैठक लावली.

बैठकीच्या आदल्या दिवशी बाई प्रेसमध्ये आल्या. ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा होता. त्यांनी वही काउंटरवर ठेवली, एक पान फाडलं, कड माझ्याकडे फिरवली. मी बोलायला सुरुवात केली, "बाई, व्यापाऱ्यानं मला..." त्यांनी हात वर केला.

"मी एकच विचारते. त्या दिवशी तुम्हाले हे दिसलं होतं का?"

त्यांनी पुरेसा वेळ वाट पाहिली. मग पान घडी करून पिशवीत टाकलं आणि गेल्या.

बैठकीत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला हे सचिवांनीच संध्याकाळी फोनवर सांगितलं, मोठ्या खुशीत. बाई उभ्या राहून म्हणाल्या होत्या, कागद मी पास केला, सही माझी आहे, चूक माझी आहे. आणि समितीचा राजीनामा टेबलावर ठेवला होता. कोणीही त्यांना थांबवलं नाही. ज्यांना त्यांनी कधी ना कधी सुनावलं होतं असे सगळेच त्या खोलीत बसले होते. "आता कटकट संपली," सचिव म्हणाले. "पुढच्या वर्षी तुम्हीच छापा. पांढरा शुभ्र लावा कागद. पालकांनाही तोच आवडतो."

मी छापल्या. एक वर्ष त्या शाळेच्या पांढऱ्या शुभ्र वह्या मी छापल्या, प्लास्टिकचं चकचकीत कव्हर लावून. माल गेल्यावर रशीदभाई म्हणाले, "साहेब, एक बार मिलके तो आओ." त्यांच्या त्या एका वाक्यासाठी मी थांबलो होतो की काय, कोण जाणे.

बाई तोवर यवतमाळ सोडून उमरखेडला लेकीकडे, सुजाताकडे राहायला गेल्या होत्या. मी सकाळच्या एसटीनं गेलो. सुजातानं दार उघडलं, नाव विचारलं आणि नाव ऐकल्यावर तिचा चेहरा बदलला. तरी तिनं आत बसवलं. बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि शेंगा सोलणं चालू ठेवलं.

मी सगळं सांगितलं. व्यापाऱ्याचं हसणं, रशीदभाईंनी दाखवलेली कड, माझा राग, काहीच लपवलं नाही. आणि शेवटी म्हणालो, "बाई, तुम्ही माझं नाव घेतलं नाही. तुमचे उपकार आहेत."

"उपकार कायचे?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मी तुमच्यावर दया नाही केली, प्रेसवाले. चूक खरंच माझी होती. तुम्ही लबाडी करू शकता हे मले चार वर्षं माहीत होतं. म्हणून तर मी तपासत होती. तरी त्या दिवशी मी तुम्हाले विचारलं. काहून विचारलं? मले दिसत नाही हे संस्थेत सांगायची लाज वाटली. पोरीले खाली बसवणारी बाई अन् न पाहता सही करणारी बाई, एकच." त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं. "तुमची चूक तुमच्यापाशी. तिचं काय करायचं ते तुम्ही पाहा. मी माफ बिफ काही करणार नाही."

मग घरात पाहून म्हणाल्या, "सुजाता, यांना चहा दे. लांबून आले आहेत."

मी चहा प्यालो. त्याच बसनं परतलो. दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन सचिवांना खरं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, काम काढून घेतील, निदान बाईंना एक पत्र तरी लिहितील. सचिवांनी विडा तोंडात सारला. "अहो, ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं. कड दिसत नाही काय? पण बाई स्वतःच जात होत्या. कशाला अडवायचं?" आणि त्यांनी नव्या वर्षाची मागणी माझ्यापुढं सरकवली.

ती मी घेतली नाही. मी काही मोठा माणूस झालो म्हणून नव्हे. त्या टेबलापलीकडे माझ्यासारखाच दुसरा माणूस बसलेला मला दिसला, आणि त्याचा चेहरा मला पाहवेना.

त्यानंतर मी तीन प्रश्न विचारायला शिकलो. लगदा कशाचा, गिरणी कुठली, पाणी कुठं जातं. निम्मे व्यापारी फोन ठेवून देतात. एका गिरणीत मी स्वतः जाऊन पाण्याची टाकी पाहून आलो. तिथल्या मॅनेजरनं मला दारातच विचारलं की, तुम्ही कोणत्या खात्याचे. काही गिऱ्हाइकं तुटली. काहींना मळकट कागद आवडायला लागला, काहींनी चेष्टा केली. आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं, शेतातच जाळतात; तिचा कागद करून पाहणाऱ्या दोघा मुलींचं पत्र आलं होतं, त्यांचे नमुने मी अजून तपासतोय. ते खडबडीत आहेत, शाई पसरते. मी त्यांना तसंच कळवलं. कळवताना माझी भाषा बरीच कडक झाली होती, असं माझी बायको म्हणते.

दर हंगामात मी उमरखेडला नमुने पाठवत असे. उत्तर कधी यायचं, कधी नाही. यायचं तेव्हा पट्टीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक ओळ. "गिरणीचा पत्ता लिहिला नाही." "हा उन्हात टिकला नाही." एकदा नुसतं, "बरा. पण इतक्या लांबून कायले आणता?" माझी चौकशी त्यांनी कधी केली नाही आणि मीही त्यांच्या तब्येतीचं विचारलं नाही. आमचं तसं नातंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात सकाळी सुजाताचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. गावात कोणी गेलं की बातमी आधी आम्हा प्रेसवाल्यांना लागते, कारण शोकपत्रिका आम्हीच छापतो. मी सवयीनं म्हणालो, "मजकूर पाठव, ताई. आजच छापून देतो."

"काका, छापायचं काही नाही," सुजाता म्हणाली. "आईनं लिहून ठेवलं आहे. पत्रिका नाही, फ्लेक्स नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ज्यांना बोलवायचं त्यांना फोन करायचे. तिची डायरी माझ्यापाशी आहे. निम्मे नंबर तुमच्या धंद्यातल्या लोकांचे आहेत. मी त्यांना ओळखत नाही. तुम्ही कराल का?"

मी प्रेस बंद ठेवली आणि फोन करायला बसलो. डायरीतली पानं तिनं मोबाइलवर पाठवली होती. कागदाचे व्यापारी, बाइंडर, रद्दीवाले, कार्डवाले. मी नाव सांगितलं की बहुतेक जण आधी विचारत, "ती भांडखोर बाई?" मी म्हणे, "हो, तीच." मग प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असे. कोणाचा माल परत आला होता, कोणाला बाईंनी गिऱ्हाइकांसमोर खोटारडा म्हटलं होतं. मी कोणालाच थांबवलं नाही.

शेवटचा फोन यवतमाळच्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानदाराला होता. बातमी ऐकून तो म्हणाला, "त्या बाईनं माझ्या दुकानात ऐन सीझनमध्ये माझं कार्ड पाण्यात बुडवून दाखवलं होतं. सगळा रंग पाण्यात. सात वर्षं झाली. मी विसरलो नाही."

"हो," मी म्हणालो.

"कोणी इतकं अपमानाचं बोलत नाही हो माणसाला."

"नाही बोलत."

मागं दुकानात कोणीतरी कार्डांचे भाव विचारत होतं, त्याला त्यानं थांबायला सांगितलं.

"किती वाजता आहे कार्यक्रम?" त्यानं विचारलं.

"अकराला," मी म्हणालो. "उमरखेडला."

"मग सकाळची एसटी धरावी लागेल," तो म्हणाला.